वेबसाइट बनविणाऱ्या छोट्या कारखान्याचा हुन्नर, हिशेब आणि उधारी

शिवणकाम, यंत्रमाग, रंगाई, चामड्याचे काम, फर्निचर हे आपल्या माणसांचे धंदे सर्वांच्या डोळ्यांसमोर चालतात. गेल्या पंचवीस वर्षांत त्यांच्या जोडीला आणखी एक धंदा आपल्या शहरांत रुजला आहे. मात्र त्याचा माल हातात धरून पाहता येत नाही, म्हणून बाजारात त्याची म्हणावी तशी कदर झालेली नाही. हा धंदा म्हणजे दुसऱ्यांच्या वेबसाइट्स बनवून देणारी छोटी कंपनी. चार-सहा माणसे, तितकेच संगणक आणि भाड्याची एक खोली एवढ्या भांडवलावर ती चालते. मोठ्या संगणक कंपन्यांच्या पगारांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. या छोट्या कारखान्यांचे सुख-दुःख सहसा कोणी लिहीत नाही.

आम्ही सोलापुरात टॉवेल व चादरींचा घाऊक व्यापार करतो. दुकानाची वेबसाइट करून घेण्याच्या निमित्ताने अशा एका कारखान्यात चार महिने आमचे जाणे-येणे झाले. दोन मित्रांनी मिळून तो काढला आहे. एक आपल्या मोहल्ल्यातील, दुसरा पद्मशाली विणकर घराण्यातील. दोघेही काही वर्षे पुण्यात नोकरी करून गावी परतलेले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे व कंपनीचे नाव येथे देत नाही. जे पाहिले त्यावरून आमचे असे मत झाले की हा शुद्ध जॉबवर्कचा धंदा आहे, आणि जॉबवर्क करणाऱ्या कारागिराला जे दोन रोग छळतात, म्हणजे तोंडी ऑर्डर आणि लांबलेली उधारी, तेच या धंद्यालाही आतून पोखरतात. हे दोन्ही रोग गिऱ्हाइकाकडून येतात, आणि गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक वेळा आपण व्यापारीच असतो. म्हणून हा लेख व्यापारी बांधवांसाठी.

जॅकार्डशी नाते

संगणक म्हटला की आपले कारागीर दबकतात. वास्तविक पाहता या विद्येचे एक मूळ मागावर आहे. फ्रान्समधील लिऑन शहरात जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग बनविला. पुठ्ठ्याला भोक असेल तेथे उभा धागा वर जातो, नसेल तेथे खाली राहतो. सोलापुरी चादरीवरील मोर आणि फुले याच पद्धतीने उमटतात. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राला हुकूम देण्यासाठी जॅकार्डचे पुठ्ठेच वापरायचे ठरविले होते. जो कारागीर डिझाइनचा आलेख पाहून पुठ्ठे पंच करतो, त्याला संगणकाला क्रमाने हुकूम देणे म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

वेबचा इतिहास मात्र ताजा आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत वर्ल्ड वाइड वेबचा प्रस्ताव मांडला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्व जगाला विनामूल्य खुले केले. त्यासाठी कोणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही, म्हणूनच एका खोलीत हा धंदा सुरू करता येतो. भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. २००३ साली वर्डप्रेस हे मोफत साधन आले आणि छोट्या कंपन्यांचे काम फार सोपे झाले. आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट्स वर्डप्रेसवर चालतात.

कामाची वाटणी

या कारखान्यात पाच माणसे आहेत. दोन भागीदारांपैकी एक गिऱ्हाइकांशी बोलतो, अंदाजपत्रक देतो आणि वसुलीच्या मागे असतो. दुसरा उस्तादाच्या जागी आहे. अवघड काम तो स्वतः करतो व इतरांचे काम तपासतो. एक मुलगी डिझाइन करते, म्हणजे पान कसे दिसेल, रंग कोणते, अक्षर किती मोठे याचा नक्शा काढते. एक मुलगा तो नक्शा पाहून समोरची बाजू बांधतो, जी गिऱ्हाइकाला दिसते. दुसरा मुलगा पाठीमागची बाजू सांभाळतो: मालाची यादी, भाव, ऑर्डरी, पैसे स्वीकारण्याची जोडणी. ताणा आणि बाणा निरनिराळ्या हातांनी तयार व्हावा व कापड एकच निघावे, तसा हा प्रकार आहे.

समोरच्या बाजूसाठी तीन हत्यारे लागतात. एचटीएमएल पानाची चौकट उभी करते, सीएसएस तिला रंगरूप देते आणि जावास्क्रिप्ट तिला हालचाल देते. बटण दाबले की यादी उघडते ती जावास्क्रिप्टमुळे. ही तिन्ही १९९० ते १९९६ या काळात जन्मली आणि आजही कायम आहेत. म्हणून शिकणाऱ्या तरुणाने नवनव्या नावांच्या मागे धावण्याआधी ही तीन पक्की करावीत, असे दोन्ही भागीदारांनी आम्हाला वारंवार सांगितले.

आमच्या व्यापारी मनाला सर्वांत जास्त भावली ती त्यांची वहीखात्याची पद्धत. गिट नावाचे एक साधन आहे. लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स यांनी ते २००५ साली बनविले. कोणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ बदलली आणि का, याची नोंद त्यात राहते. गडबड झाली तर कालच्या स्थितीवर परत जाता येते. आपल्या रोजमेळात खाडाखोड करून चालत नाही, तोच दंडक येथे आहे. तयार माल थेट बाजारात न सोडता आधी एका निराळ्या, झाकलेल्या जागी चढवितात आणि गिऱ्हाइकाला दाखवितात. मंजुरी मिळाली की मगच खऱ्या पत्त्यावर जातो. आपण लॉट चालू करण्यापूर्वी नमुना पास करून घेतो तसेच हे.

"चाचा, एवढेच जरा"

पहिल्या आठवड्यात आम्हाला वाटले होते की कामाला उशीर संगणकामुळे होत असेल. तसे नव्हते. उशीर होतो तो गिऱ्हाइकाकडून माल न मिळाल्यामुळे. टॉवेलचे माप, वजन, धाग्याचा प्रकार, खोक्यात किती नग, परत घेण्याचा नियम, हे सारे दुकानदाराच्या डोक्यात असते, कागदावर नसते. फोटो मोबाइलवर घाईने काढलेले असतात. पांढरा टॉवेल पिवळा दिसतो आणि मग दूरचा खरीदार रंग जुळला नाही म्हणून माल परत पाठवितो. ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची जोडणी देणाऱ्या कंपन्या दुकानाचा पत्ता, माल परतीचा नियम आणि ग्राहकांच्या माहितीच्या गोपनीयतेचे पान वेबसाइटवर असल्याशिवाय सहसा मंजुरी देत नाहीत. ही पाने लिहून देणे हे व्यापाऱ्याचे काम आहे. संगणकाचा कारागीर आपल्या धंद्याचे नियम मनाने कसे लिहील?

दुसरी अडचण म्हणजे बदल. वसुलीचे काम पाहणारा भागीदार आम्हाला हसत म्हणाला, "चाचा, आमच्या धंद्यात सर्वांत महाग शब्द म्हणजे 'एवढेच जरा'. एवढेच जरा निळे करा, एवढेच जरा कुरिअरचा हिशेब जोडा. निळे करायला पाच मिनिटे लागतात, कुरिअरचा हिशेब जोडायला तीन दिवस. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच वाटतात."

आम्ही त्याला विचारले, "मग तू आधी लिहून का घेत नाहीस, बेटा?"

"घेतो, पण लोक रागावतात. म्हणतात, ओळखीत कागद कशाला?"

व्यापारी बांधवांनो, आपण सूत घेताना काउंट, वजन आणि भाव लिहून घेतो. तेथे ओळख आड येत नाही. मग येथे का यावी?

लिपीचा गुंता

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, त्यामुळे आमच्या वेबसाइटवर मराठीबरोबर उर्दूचेही एक पान असावे असा आमचा हट्ट होता. त्यातून एक उपयोगी गोष्ट कळली. छापखान्यातून आलेल्या मराठी पत्रकाचा मजकूर पुष्कळदा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या अक्षरसंचात असतो, आणि उर्दूचा मजकूर इनपेजच्या जुन्या फायलींत. कागदावर तो सुरेख छापला जातो, पण तसाच उचलून वेबसाइटवर ठेवला तर निरर्थक चिन्हांची रांगोळी होते. वेबला युनिकोड लागते. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला सर्व जगात एकच क्रमांक असतो, म्हणून ते मोबाइलवर, संगणकावर आणि शोधयंत्रातही सारखेच ओळखले जाते.

उर्दूला आणखी एक पेच आहे. ती उजवीकडून डावीकडे चालते, म्हणून पानाची सारी मांडणी उलटी करावी लागते. शिवाय नस्तालीक खताची अक्षरे तिरकी उतरत जातात, एकमेकांवर चढतात. ओळींतील अंतर जास्त ठेवले नाही तर नुक्ते कापले जातात. समोरच्या बाजूचे काम करणाऱ्या मुलाला उर्दू येत नव्हती. त्याने तीन दिवस खपून ओळींचे अंतर जुळविले आणि प्रत्येक शब्द आमच्याकडून वाचून घेतला. हे काम शुद्ध कातिबाचे होते.

पैशांचा हिशेब

तिसऱ्या महिन्यात या कारखान्यावर संकट आले. तीन गिऱ्हाइकांकडे मोठी रक्कम अडकली होती: एक शिकवणी वर्ग, एक बांधकाम साहित्याचा दुकानदार आणि एक कपड्याचा व्यापारी. तिघांच्याही वेबसाइट्स चालू होत्या, तिघेही "पुढच्या आठवड्यात" म्हणत होते. भागीदारांनी दोन महिने स्वतः काही घेतले नव्हते. मुलांचे पगार मात्र थांबविता येत नाहीत. त्यातच पाठीमागची बाजू सांभाळणाऱ्या मुलाला पुण्याहून नोकरीचे बोलावणे आले. खोली सोडून देऊन घरूनच जमेल तेवढे करावे, असा विचार दोघे करू लागले.

त्या वेळी त्यांनी कागदावर मांडलेला हिशेब आम्ही पाहिला. पगार, भाडे, वीज, इंटरनेट, साधनांची वर्गणी मिळून महिन्याचा खर्च १ लाख ४० हजार रुपये. वसुली व गिऱ्हाइकांची बोलणी करणारा भागीदार सोडला तर प्रत्यक्ष काम करणारी माणसे चार. महिन्याचे दिवस २२. दिवसाच्या आठ तासांपैकी ज्याचे पैसे लावता येतात असे तास सरासरी पाच. बाकीचे फोन, दुरुस्त्या आणि शिकण्यात जातात. म्हणजे महिन्याला ४४० तास. भागाकार केला तर एका तासाची लागत ३१८ रुपये पडते, त्यात नफा नाही. साठ तासांच्या एका लहान वेबसाइटची लागतच १९ हजारांवर जाते. गिऱ्हाईक घासाघीस करून ती १५ हजारांत मागते आणि वर तीन-चार "एवढेच जरा" जोडते. बाजारात आपण मजुरीचा हिशेब पैशा-पैशाने करतो. या मुलांनी तो पाच वर्षांत प्रथमच केला होता.

त्यानंतर दोघांनी तिन्ही गिऱ्हाइकांना लेखी मागणी पाठविली. एकाने लगेच पूर्ण रक्कम दिली, दुसऱ्याने निम्मी, तिसऱ्याची अजून येणे आहे. पुण्याचे बोलावणे आलेला मुलगा मात्र निघून गेला. त्याच्या घरची गरज मोठी होती. कारखाना चालू राहिला, पण नवे नियम घालून. आता ४० टक्के बयाणा घेतल्याशिवाय काम सुरू होत नाही. ३० टक्के नमुना मंजूर झाल्यावर आणि उरलेले ३० टक्के वेबसाइट खऱ्या पत्त्यावर चढविण्यापूर्वी घेतात. दोन वेळा बदल मोफत, पुढच्याचे तासावर पैसे. काही गिऱ्हाइके तुटली. जी राहिली त्यांचे काम वेळेवर होऊ लागले.

येथे कायद्याची एक बाब आपल्याच फायद्यासाठी ध्यानात घ्यावी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ सालचा आहे. त्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली की ही मुदत टळली तर तो खर्च त्याच वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळतो. कापड बाजारात २०२४ साली या नियमाची मोठी चर्चा झाली, ती सुताच्या आणि कापडाच्या उधारीवरून. नियम सेवेलाही लागू आहे, हे पुष्कळांच्या लक्षात आलेले नाही. वेबसाइट बनविणाऱ्याची उद्यम नोंदणी असेल तर त्याची उधारी लांबविणे आपल्यालाच महाग पडते.

किल्ल्या कोणाकडे?

व्यापाऱ्याच्या बाजूनेही एक धोका आहे. आमच्या ओळखीतील एका टॉवेल व्यापाऱ्याने काही वर्षांपूर्वी एका एकट्या तरुणाकडून वेबसाइट करून घेतली. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, त्या तरुणाने स्वतःच्या खात्यावर नोंदविले. पुढे तो आखातात नोकरीला गेला, फोन बदलला. मुदत संपली, नूतनीकरण झाले नाही आणि एके दिवशी दुकानाचे नाव दुसऱ्याच कोणाच्या हाती गेले. बिलांवर, खोक्यांवर, पिशव्यांवर छापलेला पत्ता वाया गेला. तरुणाची नियत वाईट नव्हती, पण नुकसान व्हायचे ते झाले.

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते वर्षाच्या हिशेबाने घेतात, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. म्हणून ते आपल्या नावावर, आपल्या ई-मेलवर आणि आपल्या फोन नंबरवर नोंदलेले असावे. दुकान भाड्याने देताना भाडेपट्टा कोणाच्या नावावर आहे हे आपण पाहतोच. वेबसाइट ज्या संगणकावर ठेवली आहे त्या होस्टिंगचे खाते, पैसे स्वीकारण्याच्या जोडणीचे खाते आणि संपूर्ण वेबसाइटची एक प्रत यांच्या किल्ल्याही मालकाजवळ हव्यात. चांगला कारखाना या सर्व गोष्टी एका कागदावर लिहून स्वतःहून हवाली करतो. आमच्या या तरुणांनी तसा कागद दिला.

वेबसाइट एकदा केली की संपली, हाही गैरसमज आहे. वर्डप्रेस व त्यास जोडलेले सुटे भाग वेळोवेळी अद्ययावत करावे लागतात. जुना भाग तसाच राहिला तर त्यातील फटीतून चोर शिरतो. एका सुट्टीच्या रात्री त्यांच्या एका गिऱ्हाइकाच्या वेबसाइटवर परदेशी औषधांच्या जाहिराती दिसू लागल्या. वार्षिक देखभालीचे पैसे त्या गिऱ्हाइकाने वाचविले होते. दोघे भागीदार पहाटेपर्यंत बसले आणि जुनी प्रत चढवून वेबसाइट पूर्ववत केली. यंत्रमागाला तेल-पाणी लागते, तसे हे आहे.

नवी यंत्रे

तयार दुकाने देणाऱ्या कंपन्याही बाजारात आहेत. कॅनडातील शॉपिफाय ही कंपनी २००६ साली निघाली, तीही तिच्या संस्थापकांना स्वतःचे बर्फावरील खेळाच्या फळ्यांचे दुकान चालविताना चांगले साधन मिळेना म्हणून. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर संगणकाला साध्या भाषेत सांगून पाने लिहून घेता येऊ लागली. साहजिकच प्रश्न पडतो की छोट्या कारखान्याचे आता काय होणार?

आम्ही उस्ताद भागीदाराला हेच विचारले. तो म्हणाला, "चाचा, साधी पाने बनवून खाणाऱ्यांचे दिवस कठीण आहेत. आम्हीही ही साधने वापरतो, काम लवकर होते. पण मशीनने लिहिलेले तपासावे लागते, आणि रात्री दुकान बंद पडले तर गिऱ्हाईक आम्हालाच फोन करणार."

त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. टॉवेल नगावर विकायचा की वजनावर, घाऊक भाव कोणाला दाखवायचा आणि कोणाला नाही, सणाच्या हंगामात साठा कसा दाखवायचा, हे आमच्यासमोर बसून विचारणारा माणूस आम्हाला लागला. अमेरिकेतील शिकागो शहराचे एक उदाहरण येथे देण्याजोगे आहे. १९९९ साली तेथे ३७सिग्नल्स नावाची एक लहान वेब डिझाइन कंपनी निघाली. गिऱ्हाइकांची कामे सांभाळण्यासाठी तिने स्वतःपुरते एक साधन बनविले आणि २००४ साली ते बेसकॅम्प नावाने विक्रीस काढले. पुढे तेच तिचे मुख्य उत्पन्न झाले. आपल्या मुलांनी सूत, रंगाई आणि मजुरीच्या हिशेबाची अशी साधने बनविली तर गिऱ्हाईक शोधायला दूर जावे लागणार नाही.

व्यापाऱ्यांनी व तरुणांनी काय करावे

ज्या व्यापारी व कारागीर बांधवांना वेबसाइट करून घ्यायची आहे त्यांनी आधी मालाची यादी, मापे, भाव, फोटो व नियम कागदावर तयार ठेवावेत. काय हवे आणि काय नको हे लिहून दोघांनी सही करावी. बयाणा द्यावा, हप्ते ठरल्या दिवशी द्यावेत आणि देखभालीचा खर्च दरवर्षीच्या अंदाजात धरावा. डोमेन स्वतःच्या नावावर घ्यावे. सर्वांत स्वस्त भाव सांगणाऱ्याला, तो पुढे दोन वर्षे सेवा कशी देणार, हे विचारावे.

जे तरुण या धंद्यात येऊ इच्छितात त्यांनी उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकलो म्हणून मागे राहू नये. संगणकाच्या हुकमांची इंग्रजी थोडक्या शब्दांची आहे. ती सरावाने येते. दोन भाषा आणि दोन लिप्या येणे ही उलट जमेची बाजू आहे. मोहल्ल्यातील एखाद्या शिंप्याचे किंवा फर्निचरवाल्याचे एक छोटे पान पूर्ण करून दाखवावे. प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा चालू असलेले एक काम गिऱ्हाइकाला अधिक पटते. आणि पहिल्या दिवसापासून तासांची वही ठेवावी, म्हणजे आपली मजुरी किती याचे उत्तर दुसऱ्याला विचारावे लागणार नाही.

आमच्या वेबसाइटवरून पहिल्या तीन महिन्यांत आलेल्या ऑर्डरी मोजक्याच आहेत. त्यांतील दोन अशा गावांहून आल्या जेथे आमचा दलाल कधी गेला नव्हता. पुण्याला गेलेल्या मुलाच्या जागी या कारखान्याला आता एक हुशार हात हवा आहे. आपल्या शहरात असे जे कारखाने असतील त्यांच्या पाट्या एकदा वाचाव्यात, वर जाऊन बसावे, काम पाहावे. आणि त्यांचे काही येणे आपल्याकडे राहिले असेल, तर ते या आठवड्यात पोहोचते करावे.